आयजीईचा नवस

लेकीच्या अंगावर पहिल्यांदा पित्त उठलं ते तिची तिसरीची परीक्षा संपली त्या दुपारी. दप्तर कोपऱ्यात भिरकावून ती माझ्यासमोर उभी राहिली आणि फ्रॉक वर करून म्हणाली, "आई, मले मच्छर चावले." पोटावर, पाठीवर, मांड्यांवर लालसर गांधी उठल्या होत्या. काही रुपयाएवढ्या, काही एकमेकींत मिसळून मोठे चट्टे झालेल्या, त्यांच्या कडा नकाशासारख्या वेड्यावाकड्या. मी शाळेत भूगोल शिकवते, त्यामुळे मला जिकडेतिकडे नकाशेच दिसतात. पण अमरावतीचे डास कितीही पराक्रमी असले तरी एका दुपारी एवढा प्रदेश जिंकणं त्यांना जमलं नसतं. संध्याकाळपर्यंत सगळं मावळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा उठलं, या वेळी हातांवर आणि गालांवर.

पित्त हा मोठा लोकशाही आजार आहे. हृदयविकारावर माणसं जरा जपून बोलतात, पित्तावर मात्र कुणीही बोलतं. दूधवाल्याने आमसुलाचं पाणी चोळायला सांगितलं. शेजारच्या काकूंनी अंगभर काव फासायला सांगितली, आणि आम्ही फासलीही. दोन दिवस पोरगी नुकत्याच सारवलेल्या भिंतीसारखी घरात फिरत होती आणि सोफ्याचे अभ्रे लाल झाले होते. अकोल्याहून माझ्या मोठ्या जाऊबाईंनी घोंगडी पाठवली. पित्त उठलं की लेकराला घोंगडीत गुंडाळायचं, लोकर टोचली की पित्त पळतं, हा आमच्याकडचा जुना उपाय. एप्रिलचा महिना, अमरावतीचं ऊन, कूलर धापा टाकतोय आणि त्यात घोंगडी! पित्त काही पळालं नाही, पोरगी मात्र पळाली. बाथरूममध्ये जाऊन नळाखाली बसली आणि कडी लावून घेतली.

शेवटी मी तिला डॉक्टरांकडे नेलं. आमच्या भागातल्या बालरोगतज्ज्ञ बाई वयाने माझ्याएवढ्याच, आणि त्यांना एक विचित्र सवय होती. त्या आजारी माणसालाच प्रश्न विचारायच्या. मी तोंड उघडलं की हात वर करून मला थांबवायच्या आणि पोरीकडे वळून विचारायच्या, "किती खाजतं गं? खेळताना खाजतं का? झोपेतून जाग येते का?" पोरगी बिचारी माझ्याकडे पाहायची. आपल्याला कुणी काही विचारेल याची सवयच नाही लेकरांना.

बाईंनी तपासलं आणि सांगितलं की लहान मुलांमध्ये पित्त पुष्कळदा सर्दी-तापानंतर येतं, पुष्कळदा का येतं तेच कळत नाही, आणि बहुतेकांचं पुढे आपोआप जातं. तोवर रोज एक गोळी द्यायची. पित्त उठलं म्हणून नाही, तर रोज. ओठ सुजले किंवा श्वासाला त्रास झाला तर तसंच उठून दवाखान्यात यायचं. रक्ताची एक साधी तपासणी लिहून दिली आणि म्हणाल्या, "आणि रोज संध्याकाळी तिला विचारायचं, आज किती खाजलं. ती सांगेल तेच खरं." मग त्यांनी पोरीला खाजेच्या पायऱ्या ठरवायला सांगितल्या. तिने जरा विचार करून ठरवल्या: नाही, थोडं, लय आणि भल्लं. 'भल्लं' म्हणजे आमच्या वऱ्हाडात ज्याच्यापुढे काही नाही ते. बाई हसल्या आणि कागदावर तसंच लिहून घेतलं.

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण आमच्या घरातल्या आजारांचे निकाल अमरावतीत लागत नाहीत, अकोल्याला लागतात.

माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, अकोल्याला धान्याचे अडते आहेत. सोयाबीन, तूर, हरभरा. माल आला की पोत्यात परखी खुपसून मूठभर दाणे काढायचे, यंत्रात घालायचे आणि ओलावा वाचायचा. त्या आकड्यापुढे ब्रह्मदेवाचंही काही चालत नाही. शेतकरी म्हणतो, "भाऊ, माल चांगला वायला हाय, थेंबभर ओल नाही, हातात घेऊन तर पाहा." भासरे म्हणतात, "हात खोटं बोलते बाप्पा, मशीन नाही बोलत." माणूस मनाने फार चांगला. भावाच्या शिक्षणासाठी स्वतःचं सोडलं आणि पुतणीवर तर जीव टाकतात. पण आकडा दिसल्याशिवाय त्यांना कशाचीच खात्री पटत नाही. माझा नवरा सरकारी खात्यात इंजिनिअर आहे, कंत्राटदारांवर डाफरतो, पण अकोल्याचा फोन आला की खुर्चीतून उठून उभा राहून बोलतो.

"किती तपासण्या लिहून देल्ल्या डॉक्टरनं?" भासऱ्यांनी विचारलं.

"एक, दादा."

"एक?" ते म्हणाले. "मंग काय डॉक्टर हाय ते? घेऊन ये पोरीले इकडे."

असं म्हणून त्यांनी आपल्या ओळखीच्या लॅबमधलं सगळ्यात मोठं पॅकेज ठरवून टाकलं. आम्ही रविवारी अकोल्याला गेलो. पोरगी सुईला रडली नाही. रक्त नळीत उतरत असताना ती वाकून पाहत होती. मग तिने लॅबवाल्याला विचारलं, "काका, याच्यात खाज दिसते का?"

"रिपोर्टमध्ये येईल बेटा," तो म्हणाला. पोरगी खूश झाली. तिला वाटलं, आता आपल्याला काही सांगावं लागणार नाही.

रिपोर्ट आला तो चांगला जाडजूड, लग्नपत्रिकेसारख्या गुळगुळीत कागदावर. हिमोग्लोबिन, ईएसआर, सीआरपी, डी-डायमर, थायरॉईड, व्हिटॅमिन डी. त्यातले बहुतेक आकडे सरळ होते, पण सरळ आकड्यांना आमच्या घरात कुणी चहासुद्धा विचारत नाही. सगळ्यांचे डोळे गेले ते आयजीईवर, म्हणजे ॲलर्जीत वाढणाऱ्या रक्तातल्या एका घटकावर. चार आकडी, ठळक अक्षरात आणि पुढे वर जाणारा बाण. भासऱ्यांनी त्याच मिनिटाला फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "सापडलं."

त्या दिवसापासून माझ्या लेकीचं काय चाललंय हे कुणी विचारेनासं झालं. "आयजीई काय म्हणते?" असं विचारू लागले. जणू आयजीई हा आमच्याकडे मुक्कामाला आलेला कुणी नातेवाईक होता. ग्रुपवर ज्यांना दहावीत विज्ञानात काठावर मार्क होते ते ईओसिनोफिल नावाच्या रक्तपेशींवर चर्चा करू लागले. एकाने तर आपला स्वतःचा आयजीई टाकला, आणि तो पोरीपेक्षा जास्त निघाला म्हणून त्याला थोडा अभिमानही वाटला असावा. त्याला आयुष्यात कधी पित्त उठलं नव्हतं. यावरून एखाद्याच्या डोक्यात काही प्रकाश पडायला हरकत नव्हती. पडला नाही.

माझ्या नवऱ्याला मात्र एक शंका आली. ती अशी की अकोल्याच्या मशीनवर कितपत भरवसा ठेवावा? म्हणून त्याने भावाला न सांगता अमरावतीत पोरीचं रक्त पुन्हा तपासायला दिलं. इथला आकडा थोडा कमी आला. झालं! दोन शहरांचं जुनं वैर उफाळून आलं. अकोलेकर म्हणाले, अमरावतीच्या मशीनला गंज चढलाय. अमरावतीकर म्हणाले, अकोल्याला पाण्यापासून सगळंच खारं, तिथे रक्ताचं काय घेऊन बसलात. या वादात आठवडा गेला आणि त्या आठवड्यात पोरीने एक दिवस 'लय' आणि बाकी सगळे दिवस 'भल्लं' सांगितलं. ते ऐकायला संध्याकाळी माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

मी दोन्ही रिपोर्ट घेऊन डॉक्टर बाईंकडे गेले. त्यांनी पानं उलटली आणि मला विचारलं, "एवढं सगळं कुणी करायला सांगितलं?"

"अकोल्याने," मी म्हटलं.

त्यांनी सुस्कारा सोडला. म्हणाल्या, "हे पाहा, हा आकडा जंतांनी वाढतो, धुळीने वाढतो, घरात कुणाला दमा असला तरी वाढलेला असतो. आकडा मोठा म्हणून खाज मोठी, असं नसतं. आणि आकडा लहान म्हणून खाज लहान, असंही नसतं. कितीतरी लेकरांचे रिपोर्ट अगदी चांगले असतात आणि अंगावर तिळाएवढी जागा मोकळी नसते. रक्तात काय दिसतं आणि अंगावर किती उठतं याची सांगड घालायला मोठे मोठे लोक अभ्यास करताहेत, त्यांना करू द्या. तुम्ही पोरीला विचारत राहा." जंतांची गोळी दिली आणि पित्ताची गोळी रोज, न चुकता, असं पुन्हा एकदा बजावलं.

मी हे शब्दशः अकोल्याला सांगितलं. भासरे शांतपणे ऐकून म्हणाले, "म्हणजे त्या बाईले नंबर वाचता येत नाही."

मग सुरू झाली बंदी. आयजीई वाढला म्हणजे ॲलर्जी, ॲलर्जी म्हणजे खाण्यात काहीतरी, आणि खाण्यातलं काय हे ठरवायला ग्रुप होताच. पहिलं वांगं गेलं. वांग्याला आमच्याकडे आधीपासूनच वाईट नजरेने पाहतात, त्यामुळे त्याच्या बाजूने कुणी उभं राहिलं नाही. मग अंडं गेलं, शेंगदाणे गेले, दही गेलं, टमाटर गेले, संत्री गेली. अमरावतीत राहून संत्री बंद, म्हणजे समुद्रात राहून मीठ बंद! परतवाड्याच्या एका वैद्यांनी फोनवरच नाडी ओळखून गूळ बंद केला. एकदा कुणीतरी तुरीच्या डाळीचं नाव काढलं. त्यावर भासऱ्यांचा ग्रुपवर तत्काळ संदेश आला: "तुरीचा काही संबंध नाही. तूर पौष्टिक आहे." हरभरा आणि सोयाबीन यांचाही काही संबंध नव्हता. अडतीत जे जे पोत्यात भरलेलं होतं त्याला पित्ताच्या प्रकरणात संपूर्ण क्लीन चिट मिळाली.

पोरगी वरण-भात खाऊ लागली. सकाळी वरण-भात, डब्यात वरण-भात, रात्री वरण-भात. मैत्रिणीच्या वाढदिवसाला गेली तर डबा घेऊन गेली आणि केक कापताना बाहेर व्हरांड्यात बसली. मी घ्यायला गेले तेव्हा म्हणाली, "आई, मी नुसता वास घेतला. वासानं आयजीई वाढते का?" मला त्या क्षणी अकोल्याला जाऊन त्या ओलावा मोजायच्या मशीनवर वरवंटा घालावासा वाटला. दुसऱ्या दिवशी मी तिला संत्रं सोलून दिलं. तिने आधी दार लावून घेतलं, मग खाल्लं. काही झालं नाही. मी हे जाहीर केलं, तर नवरा म्हणाला, "एका संत्र्यानं काय सिद्ध होते?" एका आकड्याने मात्र सगळं सिद्ध होत होतं.

पोळ्याला आम्ही अकोल्याला होतो. संध्याकाळी मातीच्या बैलांची पूजा झाल्यावर भासरे देवघरासमोर उभे राहिले, हात जोडले आणि मोठ्याने म्हणाले, "मारोतीराया, पोरीचा आयजीई तीन आकड्यांत येऊ दे. शेतातल्या तुह्या देवळासमोर रोडग्याचं जेवण देतो."

रोडग्याचा नवस आमच्याकडे नवा नाही. कणकेचे जाड गोळे गोवऱ्यांच्या आरावर, म्हणजे निखाऱ्यांवर भाजायचे, तुपात बुडवायचे, सोबत वांग्याची भाजी आणि वरण, आणि देवासमोर गावजेवण. लोक मूल व्हावं म्हणून बोलतात, नोकरी लागावी म्हणून बोलतात. पण रक्ताच्या तपासणीसाठी मारोतीला नवस बोललेला मी तरी पहिल्यांदाच ऐकला.

जाऊबाईंनाही ते खटकलं असावं. त्या हळूच म्हणाल्या, "अहो, पोरगी बरी होऊ दे, असं म्हणा ना."

"बरी म्हंजे किती?" भासरे म्हणाले. "देवाले नेमकं सांगा लागते. नाही तं मंग तो म्हणते, म्या तं केली बरी, तुमालेच कळलं नाही."

माझी लेक तिथेच बसून मातीच्या बैलाच्या गळ्यात घुंगरू बांधत होती. तिने मान वर करून मारोतीकडे पाहिलं, मग मोठ्या बाबांकडे. भासऱ्यांना ती मोठे बाबा म्हणते. तिचा त्यांच्यावर फार जीव. आपल्यासाठी मोठे बाबा देवाशी बोलले, याचं तिला किती वाटलं ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

गोळी रोज चालू होती. दसऱ्यापर्यंत 'भल्लं' कमी होऊन 'थोडं' येऊ लागलं, दिवाळीत तर तीन-चारदा 'नाही' आलं. पोरगी रात्रभर झोपू लागली, रस्त्यावर लंगडी खेळू लागली, भांडू लागली. माझ्या दृष्टीने काम झालं होतं. पण आकडा काय म्हणतो हे पाहिल्याशिवाय ती बरी आहे असं म्हणायची कुणाची छाती नव्हती.

डिसेंबरात पुन्हा रक्त दिलं, अर्थात अकोल्यात. आयजीई तीन आकड्यांत आला. नऊशेच्या घरात का होईना, पण तीनच आकडे! भासऱ्यांनी फोटो टाकून खाली लिहिलं, "जय बजरंगबली." मग श्रेय वाटायला सुरुवात झाली. वांगं बंद करायला ज्याने सांगितलं त्याने श्रेय घेतलं, गूळ बंद करणाऱ्या वैद्यांनी घेतलं, घोंगडीनेही थोडं घेतलं. मारोतीचा वाटा सगळ्यात मोठा. जंतांच्या गोळीचं नाव कुणी घेतलं नाही, आणि रोजच्या गोळीचं तर नाहीच.

उलट दुसऱ्या दिवशी नवऱ्याने ती बंद करायची असं सांगितलं. "नंबर उतरला, आता कायले पाह्यजे? दादा म्हणते."

"डॉक्टरांना विचारू," मी म्हटलं. डॉक्टर बाई आठ दिवसांसाठी बाहेरगावी होत्या. मी म्हटलं, तोवर चालू ठेवू. तेवढ्यात जाऊबाईंचा फोन आला. त्या मला समजावण्याच्या सुरात म्हणाल्या, "नवस फेडाच्या आधी औषध चालू ठेवलं तं मारोतीले काय वाटन? त्याले वाटन, या लोकायचा आपल्यावर भरवसा नाही. रोडगे होऊ दे, मंग दे ना तुले पाह्यजे तेवढं औषध."

मी भांडले. चांगली भांडले, कूकरच्या चार शिट्ट्या होईस्तोवर. पण एकीकडे मी आणि दुसरीकडे नवरा, भासरे, जाऊबाई, ग्रुप आणि खुद्द हनुमान. रोडग्याचा दिवस येत्या रविवारचा धरला होता. म्हटलं, इतके महिने काढले, हा आठवडा गोळीशिवाय निघेल. गोळ्यांची पट्टी मात्र पर्समध्ये ठेवली आणि रोज संध्याकाळी पोरीला विचारत राहिले. ती रोज म्हणायची, "नाही." पहिल्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. मी म्हटलं, असेल बाई, मारोतीचं असेल काही. थंडी चांगली पडली होती, ती दिवसरात्र स्वेटर घालून असायची. आंघोळही आता मोठी झाले म्हणून स्वतःची स्वतः करायची.

रविवारी सकाळीच आम्ही अमरावतीजवळ, वलगावच्या पुढे आमच्या शेतावर पोचलो. बांधावरचं ते मारोतीचं लहानसं देऊळ, समोर कडुनिंब, बाजूला उभ्या हरभऱ्याचं वावर. गोवऱ्यांचा आर फुलला होता, माणसं रोडगे उलटवत होती, मोठ्या गंजात वांग्याची भाजी रटरटत होती. अकोल्याहून दोन गाड्या भरून पाहुणे आले होते. भासऱ्यांनी नवा सदरा घातला होता आणि खिशात घडी करून रिपोर्ट आणला होता. येईल त्याला ते तो उलगडून दाखवत होते. ज्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं त्यांना आधीचा बाण आणि आत्ताचा बाण दाखवत होते. बाण अजूनही वरच होता, पण पहिल्यापेक्षा बारीक आहे असं त्यांचं म्हणणं होतं.

आरती झाली. नैवेद्य दाखवला. पंगत बसली. भासऱ्यांनी पोरीला जवळ घेतलं आणि स्वतःच्या हाताने तिच्या पानात वांग्याची भाजी वाढली. इतक्या महिन्यांची बंदी त्यांनी अशी सर्वांसमक्ष उठवली. "खाय बाई, मन भरून खाय. आता तुले काही होत नाही." मग सगळ्यांकडे पाहून म्हणाले, "आता खाजते का तिले विचारा. बिलकूल नाही! हो ना वं?"

"हो," पोरगी म्हणाली.

लोकांनी बजरंगबलीचा जयजयकार केला. मी वाढायला म्हणून तुपाचं भांडं घेतलं आणि दोन पानं पुढे गेले असेन. मागे पाहिलं तर पोरीच्या पानावर पोरगी नव्हती.

ती देवळामागे होती. कडुनिंबाच्या खोडाला पाठ लावून वर-खाली, वर-खाली घासत होती. डोळे मिटलेले, ओठ दातांत धरलेला. मी जाऊन स्वेटर वर केला. पाठ, पोट, काखा, सगळं अंग गांधींनी भरलं होतं. एकीवर एक, जुन्या-नव्या. खाजवून खाजवून कमरेजवळ रक्त वाळलं होतं. पहिल्या दिवशीसुद्धा इतकं नव्हतं. हातातलं तुपाचं भांडं मी तिथेच खाली ठेवलं.

"अगं, केव्हापासून? सांगितलं का नाहीस?"

ती घाबरली. इकडेतिकडे पाहून स्वेटर खाली ओढू लागली. "आई, मोठ्या बाबांले सांगू नको ना. रिपोर्ट बरोबर हाय. मीच चुकून राहिली."

मला राग येतो तेव्हा बोलायला खूप काही सुचतं, सगळं घर जाणतं. त्या वेळी नुसतं रडू आलं, आणि संताप. पर्समधून गोळी काढली, तिला दिली, पाणी पाजलं. मग तिचा हात धरला आणि तिला तशीच पंगतीसमोर आणली. ती नको नको म्हणत होती. मी सर्वांसमोर तिचा स्वेटर काढला आणि फ्रॉकच्या बाह्या खांद्यापर्यंत वर केल्या.

तोंडाशी नेलेले घास खाली आले. कुणीतरी आरावरचा रोडगा उलटवायचा विसरला, तो करपल्याचा वास येऊ लागला. भासरे पाहतच राहिले. त्यांचा हात सवयीने सदऱ्याच्या खिशाकडे गेला. "पण रिपोर्ट तं—" एवढं म्हणाले आणि थांबले.

"सॉरी, मोठे बाबा," पोरगी म्हणाली.

भासऱ्यांचा हात खिशापाशीच राहिला. त्यांनी पान बाजूला सारलं, जड शरीर सावरत उठले आणि धुळीत तिच्यासमोर गुडघ्यांवर बसले. नवा सदरा हाताला लागलेल्या तुपाने आणि आराजवळच्या राखेने माखला. त्यांनी तिचा दंड हातात घेतला, अंगठ्याने एका गांधीवरून हळूच फिरवलं. मग विचारलं, एप्रिलपासून पहिल्यांदाच त्यांनी तिला विचारलं, "लय खाजते का वं, बाई?"

आणि उत्तरासाठी थांबले.

पोरीने आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. तिने होकाराची मान डोलावली, आणि मग सगळ्या पाहुण्यांसमोर, मारोतीसमोर, दोन्ही हातांनी खाजवू लागली.